खानेसुमारी

१९६१ सालचा फेब्रुवारी. हरभरा घाट्यांनी भरलेला, थंडीचा काटा जरा मोडलेला, आणि औंधच्या आमच्या घराच्या ओट्यावर शाळेतले एक मास्तर मांडीवर जाडजूड कागदांचं बाड घेऊन बसलेले. मी सात वर्षांचा. मास्तर आपण होऊन घरी आलेत, म्हणजे आपली काहीतरी चुगली असणार, या भीतीनं मी कणगीमागं उभा.

"घरात माणसं किती, आज्जी?" मास्तरांनी विचारलं.

"कवा?" आज्जी म्हणाली.

"कवा म्हणजे? आत्ता."

"आत्ता म्या आन् ह्यो कणगीमागचा चोर. सांच्याला इचाराल तर चौदा."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. चौदा कोण, याची फोड सुरू झाली. आबा, आज्जी, माझे आईवडील, आम्ही भावंडं, आक्का म्हणजे माझी धाकटी आत्या, इथवर ठीक होतं. मग मुंबईला गोदीत असलेला थोरला चुलता आला. "तो इथं राहत नाही ना पण?" "ऱ्हात न्हाय, पर त्येचं ताट हितंच हाय." मग पलीकडच्या खोलीत राहून शाळा शिकणारी खेड्यावरची दोन पोरं आली. मग रोज संध्याकाळी भाकरीला येणारा एक आंधळा गोंधळी आला. मास्तरांचा धीर सुटला. "आज्जी, ही खानेसुमारी आहे, पंगत नव्हे."

"तेच म्हंते मी. खाण्याची सुमारी हाय नव्हं? मग खाणारं किती त्येच सांगतीय."

मास्तर हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की खाना म्हणजे घर. दवाखाना, कारखाना, तसा खाना. घरांची मोजणी म्हणून खानेसुमारी. आज्जीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरं जेवत्यात व्हय मास्तर?"

शेवटी त्यांनी कागदावर काय आकडा घातला, देव जाणे. चहा मात्र पिऊन गेले, म्हणजे आज्जीच्या हिशेबात पंधरावे तेच.

पुढं मी स्वतः मास्तर झालो, पुण्यात जन्म काढला, निवृत्त झालो आणि रिकामपणी आपल्या गावाविषयी जुन्या पुस्तकांत काय सापडतं ते बघत बसू लागलो. १९०१ सालच्या खानेसुमारीत औंध गावची वस्ती साडेतीन हजार आणि सगळ्या औंध संस्थानाची ६३,९२१. त्याआधीच्या दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी शेकडा दोनानं घटलेली. कारण एका ओळीत दिलंय, प्लेगनं संस्थानाचे फार हाल केले. बस, एवढंच. ती एक ओळ आज्जीला वाचून दाखवायला हवी होती. तिनं त्या ओळीवर अख्खी रात्र काढली असती.

ज्यांनी औंध पाहिलं नाही त्यांना आधी सांगायला हवं, की हे पुण्याजवळचं औंध नव्हे. पुण्यात कुणाला गावाचं नाव सांगितलं, की "अरे वा, मग बाणेर रोडला कुठं?" असं विचारतात. आमचं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, साताऱ्यापासून सव्वीस मैलांवर आग्नेयेला. महाबळेश्वरावर ढग फुटतात, आणि आमच्याकडं येईस्तोवर त्यांच्यात आवाज तेवढा उरतो. आबा म्हणायचे, "आपल्याकडं पाऊस येत न्हाय, पावसाचा निरोप येतो." त्यामुळं आमचं रान ज्वारी-बाजरीचं, हुलग्या-मटकीचं. आज्जीचं भूगोलाचं ज्ञान सगळं खाण्यातनं आलेलं. तिचं माहेर पश्चिमेला कृष्णाकाठचं, तर तिच्या लेखी जग दोन भागांत वाटलेलं होतं: भात खाणारा मुलूख आणि माडगं पिणारा मुलूख. लग्न करून आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला हुलग्याचं माडगं वाढलं, तेव्हा ती ताटावर बसून रडली होती म्हणे. नंतर तेच माडगं इतकं सुरेख करू लागली, की आजारी माणसाच्या घरून तांब्या घेऊन पोरं आमच्याकडं यायची. हुलगे भाजून, भरडून, गूळ घालून, सुंठ लावून. मी पुण्यात दोनदा करून पाहिलं. एकदा करपलं, एकदा चिकी झाली.

गावाच्या नैर्ऋत्येला डोंगर आणि डोंगरावर यमाई. तिला मूळपीठ म्हणतात. खाली गावातही देवीचं देऊळ आहे, त्याच्या आवारात अशी दीपमाळ, की लहानपणी वर बघता बघता टोपी पडायची. देवीच्या नावाची गोष्ट घरोघर थोडी वेगळी. आमच्या घरची अशी: इथं औंधासुर नावाचा दैत्य माजला होता, त्याला मारायला ज्योतिबानं देवीला हाक मारली, "ये माई!" ती आली, दैत्य मेला, नाव राहिलं. आज्जी ही गोष्ट सांगताना "ये माई" एवढ्या मोठ्यानं म्हणायची की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. ज्योतिबानं तिला नुसतं हाकारलं, बोलावणं पाठवलं नाही, मान दिला नाही, तरी बाई आली, हा मुद्दा ती दरवेळी ठासून सांगायची आणि आबांकडं बघायची. ते कशाबद्दल होतं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

राज्य कसं आलं ते आबा सांगत. किन्हईचा कुलकर्ण्याचा पोरगा, परशुराम त्रिंबक, राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात कर्तबगारीनं वर चढला आणि मराठ्यांच्या राज्याचा प्रतिनिधी झाला. पंतप्रतिनिधी ते हे. ही गोष्ट आबा एका दमात संपवायचे, कारण त्यांना घाई असायची ती शे-सव्वाशे वर्षांनंतरच्या ताई तेलिणीची. परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी मसूरला कैदेत पडला होता, त्याला या बाईनं माणसं जमवून सोडवला, आणि पुढं पेशव्यांचा सरदार बापू गोखले चालून आला तेव्हा वासोटा किल्ला तिनं कित्येक महिने लढवला. हे १८०६-०७ सालचं. त्यावर एक झणझणीत दोहा आहे, साताऱ्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला येतो. आबांनी त्याची सुरुवात केली, की आज्जी आतून भांडं आपटायची, कारण शेवट बापू गोखल्याच्या कासोट्यापाशी जातो. मला तो पुरा ऐकायला मिळाला मॅट्रिक झाल्यावर, एस.टी.त, एका परक्या माणसाकडून.

प्लेगची गोष्ट आज्जीला तिच्या सासूकडून मिळालेली, म्हणजे माझ्यापर्यंत येताना तिसऱ्या हाताची. उंदीर पडू लागले, की दवंडी व्हायची, आणि गाव घरांना कुलपं घालून माळावर जायचं. कुडाच्या झोपड्या, तीन दगडांच्या चुली. पणजी म्हणायची म्हणे, की गावात ज्या शेजारणी वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या त्या माळावर एका तव्यावर भाकऱ्या भाजायच्या. परत गावात आल्यावर पुन्हा अबोला. किती माणसं गेली, असं मी विचारलं की आज्जी आकडा सांगत नसे. ती उंबरे सांगायची. "वरच्या आळीत तीन उंबरं मिटलं. खालच्या आळीत एक. कासाराच्यातली एक म्हातारी तेवढी ऱ्हायली, ती रोज सांच्याला सात जणांचं पीठ मळायची, आन् मग वाटून टाकायची."

पुढं आलेल्या प्लेगनं औंधचा एक विद्यार्थीही परत पाठवला. औंधला संस्थानामुळं गरीब मुलांना शिकायची सोय होती, म्हणून कोकणातून, पालगडहून, एक मुलगा आला होता. हातानं स्वयंपाक करून शिकत होता. प्लेग आला, शाळा विस्कटली, त्याला जावं लागलं. तो पांडुरंग सदाशिव साने. साने गुरुजी. आता गंमत बघा. १९५३ साली 'श्यामची आई' सिनेमा आला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना एकाएकी आठवलं, की आपल्या सासूनं त्या कोकण्या पोराला भाकरी दिली होती. आमची आज्जीही त्यात होती. "लई बारीक आवाजाचं पोर, भाताबिगर घास उतरंना त्येच्या नरड्याखाली," असं ती सांगायची, जणू स्वतः वाढलं होतं. हिशेब केला तर तेव्हा ती कृष्णाकाठी झबलं घालून रांगत असणार. पण मी तिला कधी अडवलं नाही. खाणाऱ्यांच्या यादीत तिला आणखी एक नाव हवं होतं.

आता आबा. त्यांचा टांगा होता. रहिमतपूर स्टेशनवर पुणे-मिरज लाइनची छोटी गाडी थांबायची, आणि औंधला ज्याला म्हणून यायचं तो रहिमतपूरला उतरून टांग्यात बसायचा. स्टेशन ते औंध हा रस्ता माणसाची अख्खी दुपार खायचा. घोडीचं नाव चिमणी. एक चिमणी म्हातारी झाली, की दुसरीचं नावही चिमणीच, त्यामुळं आबांच्या गोष्टींत तीस वर्षं एकच घोडी धावते. तिच्या तोबऱ्यातले भिजवलेले हरभरे आबा स्वतःही खात जायचे, आणि उतारूलाही पुढं करायचे. कोण खातो, कोण नाक मुरडतो, यावरून ते माणूस ओळखायचे.

त्या टांग्यात बसून गावात कोण कोण आलं, याची मोजदाद केली तर आकडा साडेतीन हजारांत मावत नाही.

गादीवर तेव्हा भवानराव. बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९०९ साली गादीवर आले ते १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. बी.ए. झालेला राजा, स्वतः चित्रं काढणारा, देवळात उभं राहून कीर्तन करणारा. आणि सूर्यनमस्कार! रोज शेकड्यांनी घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमध्ये पोरापोरींना सक्तीनं घालायला लावायचे. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं इंग्रजी लंडनला १९३८ मध्ये छापलं, गोऱ्या बायका नमस्कार घालू लागल्या. हे खरं. आमच्या घरची त्यावरची भर अशी, की महाराजांची मोटार दिसली, की आबा टांगा बाजूला घेऊन आधी पोट आत ओढायचे. न जाणो, थांबवून विचारलं, "किती घातलेस रे आज?" तर! एकदा खरंच विचारलं आणि आबांनी "घोडीचं धरून की नुसतं माझं, महाराज?" असं उत्तर दिलं, अशी एक गोष्ट आहे. ती मी तीन वेगवेगळ्या टांगेवाल्यांच्या नातवांकडून ऐकली आहे.

राज्य कसलं, तर गोधडीचे तुकडे. बहात्तर गावं, पण सलग नाहीत. औंध इकडं, आटपाडी तिकडं माणदेशात, कुंडल कृष्णेच्या अंगाला, आणि गुणदाळ थेट विजापूरकडं. राजाला आपलंच राज्य बघायचं तर दुसऱ्यांच्या हद्दी ओलांडून जावं लागायचं. पण या चिंध्यांमध्ये किती काय शिवलं गेलं! लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावात जागा उरली नाही, तेव्हा याच राजानं कुंडलजवळचा निवडुंगाचा आणि सापांचा माळ दिला. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची ठरवली, तर लाखाच्या देणगीचं वचन आमच्या या माडगं पिणाऱ्या मुलखातून गेलं. १९१८च्या सुमारास पंडित सातवळेकर आले. ते मूळचे चित्रकार, मग वेदांचे अभ्यासक, इंग्रज सरकारच्या रोषातून गेलेले. त्यांचं स्वाध्याय मंडळ इथं तीसएक वर्षं चाललं, औंधच्या छापखान्यातून वेद छापून देशभर गेले. आबा सांगायचे, स्टेशनावरून कागदाची रिमं आणायची आणि पुस्तकांचे गठ्ठे पोचवायचे. "येताना कागद हलका, जाताना जड. मधी काय घालत व्हते कुणास ठावं." वेदांचं याहून नेमकं वजन कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

गवई आले. अंतूबुवा जोशी आणि त्यांचा मुलगा गजाननबुवा, गळा आणि व्हायोलिन दोन्हींवर हुकमत असलेला. चित्रकार आले. राजानं जन्मभर गोळा केलेली चित्रं आणि मूर्ती ठेवायला यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं, १९३८ साली. तिथं रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानं घडवलेली एक आई आणि तिचं मूल आहे. बिननाकाडोळ्यांची, गोलगोल. आक्का शाळेतल्या पोरींबरोबर ती बघून आली आणि घरी येऊन म्हणाली, "बाई अजून पुरी व्हायचीय, पर मूल कसं धरलंय बग." आक्कानं पुढं पाच लेकरं वाढवली. त्या शिल्पाबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण तिच्या वाक्यापुढं कुणी गेलेलं नाही.

आणि मग तो गोरा साधू आला.

आबांच्या गोष्टींतला हा सगळ्यात लाडका उतारू. उंच नव्हे, पण डोळे असे की घोडीसुद्धा वळून बघायची. अंगात भगवं, पायी साध्या वहाणा, तोंडात मोडकी हिंदी. पोलंडचा इंजिनिअर, मॉरिस फ्रीडमन. बंगळूरला विजेच्या सामानाच्या कारखान्याचा मोठा साहेब होता, ते करता करता भगवी घेतली, भारतानंद झाला. गांधीजींच्या चरख्यात डोकं घालून बसणारा. आमच्या राजपुत्राशी, ऑक्सफर्डहून शिकून आलेल्या अप्पासाहेबांशी, त्याची गाठ पडली आणि त्यांनी मिळून राजाला सांगितलं, की राज्य लोकांना देऊन टाका. राजा तयार झाला! दोघं-तिघं गांधीजींकडं गेले, मसुदा झाला, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधच्या राजानं आपली सत्ता कायद्यानं प्रजेच्या हाती दिली. गावोगाव पंचायती, त्यांच्यातून वर निवडून गेलेली विधानसभा. देशाला स्वातंत्र्य मिळायला आठ वर्षं बाकी होती.

आबांना तोबऱ्यातले हरभरे मुठीनं खाणारा तो साहेब आवडला होता. पण त्यानं आणलेल्या राज्यात एक मेख होती. ज्याला लिहितावाचता येईल त्यालाच मत. गांधीजींचाच तसा आग्रह होता. आबांना अंगठा येत होता. बरोबरीचा एक टांगेवाला सहीपुरता शिकला आणि अड्ड्यावर मिरवू लागला, ते आबांच्या जिव्हारी लागलं. मग चाळीशीला टेकलेला हा गडी रात्री कंदिलापुढं पाटी घेऊन बसायचा, आणि शिकवायला कोण, तर नऊ वर्षांचे माझे वडील, दादा. बापानं चूक केली तर दादा त्यांच्या हातावर पट्टी मारायचे. आबा मुकाट खायचे. "त्या सालात पोरानं बापाला मारलं, आन् मायनं हसून बगितलं," असं आज्जी सांगायची, आणि अजूनही हसायची. आबांनी शिकलेलं पहिलं अक्षर 'च'. चिमणीचा. टांग्याच्या पाटीवर त्यांनी खडूनं 'चिमनी' लिहिलं, ण-न चा घोळ करून, आणि ते पावसानं पुसलं की पुन्हा लिहायचे. मत त्यांनी दिलं, हे नक्की. कुणाला दिलं, ते मरेस्तोवर आज्जीलाही सांगितलं नाही. "मत हाय, बाजारची पिशवी न्हवं उलटी करून दावायला."

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट, आबांच्या टांग्यात न बसलेल्या लोकांची. आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत झाली. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी, पण भिंत नाही, बेड्या नाहीत. शेती करायची, बायकापोरं आणून राहायचं. कैदी पळून गेले नाहीत. आपल्या ग. दि. माडगूळकरांचा तो सगळा मुलूख. औंधच्याच शाळेत ते शिकले होते, ओढगस्तीत, आणि ही हकीकत त्यांच्या मनात होती. तिच्यावरून त्यांनी लिहिलेल्या कथेचा शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' केला. तंबू टॉकीजमध्ये आबांनी तो सिनेमा बघितला. घरी आल्यावर कसा वाटला विचारलं तर म्हणाले, "समदं बरोबर हाय. पर हुलगं कुटं दिसलं न्हाय."

बेचाळीसच्या चळवळीबद्दल आबा फार बोलत नसत. कुंडल आमच्याच संस्थानातलं, आणि प्रतिसरकारचं ते घरच. इंग्रजी पोलिसांचे हात संस्थानी हद्दीत जरा आखडायचे, त्यामुळं भूमिगतांना औंधच्या गावांचा आसरा असायचा. आबांचं एवढंच एक वाक्य: "रात्रीच्या उतारूला म्या नाव इचारत न्हवतो, आन् भाडंबी." आज्जी म्हणायची, तेव्हा टोपलीत चार भाकऱ्या रोज जादा असायच्या आणि सकाळी टोपली रिकामी असायची. त्या कोण नेत असे, हे तिला ठाऊक नव्हतं, असं ती म्हणायची. ते म्हणताना ती जिकडं बघायची त्यावरून मला तरी तसं वाटत नाही.

१९४८ साल वाईट गेलं. जानेवारीअखेर गांधीजींना मारलं आणि सातारा भागात ब्राह्मणांची घरं पेटली. ज्या गांधीजींनी आमच्या राज्याचा मसुदा केला त्यांच्या नावानं हे व्हावं! आबांना या विषयावर बोलतं करायचा मी एकदाच प्रयत्न केला. ते उठून घोडीला खरारा करू लागले, आणि गोठ्यात घोडी नव्हतीच तेव्हा. पंडित सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले, छापखाना गेला. ८ मार्चला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. अप्पासाहेब भारताचे प्रतिनिधी म्हणून आफ्रिकेत नैरोबीला गेले. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले. आणि गोधडीची शिवण उसवली. औंध सातारा जिल्ह्यात, आटपाडी आज सांगलीत, गुणदाळ तर कर्नाटकात. कचेऱ्या उठल्या तशी कारकुनांची बिऱ्हाडं उठली. दूध घेणारी घरं कमी झाली, वाण्याची उधारी बुडाली. स्टेशनावर उतरणारे उतारू आटले, त्यात एस.टी. सुरू झाली. शेवटची चिमणी आबांनी विकली नाही. ती दावणीला म्हातारी होऊन मेली, आणि टांग्याच्या चाकाचा आज्जीनं कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा केला.

मग माणसंच जाऊ लागली. आधीपासून जात होतीच. दुष्काळी मुलखातला माणूस वळीव चुकला की गाठोडं बांधतो. मुंबईला गोदीत, मशीद बंदराच्या गोदामांत, माथाडीची पाठ करून कितीतरी घरं जगली. खटाव-आटपाडी-खानापूरकडची पोरं गलाईच्या धंद्यात शिरली. सोनं-चांदी आटवायची भट्टी घेऊन पार केरळ-बंगालपर्यंत पांगली. १९७२च्या दुष्काळात तर गावात फक्त म्हातारे आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया उरल्या. सुकडी खाऊन आम्ही ते साल काढलं. मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी रेशनवर आली, तिची भाकरी थापली की फाटायची. आज्जीनं आयुष्यात पहिल्यांदा अन्नाला नाव ठेवलं ते तेव्हा. आबा त्याच साली गेले. पाऊस बघितला नाहीच, पण त्याचा निरोप यायच्याही आधी गेले.

गाव मोकळं झालं म्हणता म्हणता वर्षातून दोनदा असं भरतं, की बसायला जागा नाही. पौषात यमाईचा रथ निघतो, तेव्हा केरळातली गलाईवाली पोरं गळ्यात साखळ्या घालून येतात आणि माणदेशातून खिलार बैल येतात. दोघांतलं देखणं कोण, हे सांगायला नको. आणि दुसऱ्यांदा आश्विनात, वद्य पंचमीला. अंतूबुवांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या, स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला गाण्याचा उत्सव अजून चालतो. तिकीट नाही, आमंत्रण नाही. सकाळी सुरू होतं ते रात्र उलटेपर्यंत. पुण्या-मुंबईचे गवई येतात, सतरंजीवर शेतकरी, शाळकरी पोरं आणि आमच्यासारखे परतलेले म्हातारे.

गेल्या उत्सवाला गेलो होतो. आक्का आता नव्वदीला आलेली, पण चूल तिच्याच हातात. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. पहाटे गाणं ऐकून मी घरी आलो, तर ती परातीत पीठ काढत होती. माझ्याबरोबर मंडपात ओळख झालेले दोघे होते, एक कोल्हापूरचा तबलजी आणि एक विद्यार्थी, नागपूरचा. दारातूनच मी म्हटलं, "आक्का, तिघं आहोत." तिनं वर न बघता आणखी दोन ओंजळी पीठ घातलं.

"तिघंच आहोत गं."

"ऐकू आलं," ती म्हणाली.

चहा पिताना मी तिला सांगितलं, की पुन्हा खानेसुमारी व्हायची आहे, आता मोबाइलवर भरून घेतात. माणूस येईल, विचारेल. तिनं बरंच विचारलं त्याबद्दल. बटणं किती असतात, चूक झाली तर खोडता येतं का, आज्जीसारखं लांबण लावलं तर फोन बंद पडतो का. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "लेकाला म्हणावं जेवायच्या टायमाला ये."

विद्यार्थ्यानं चौथी भाकरी नको म्हणून ताटावर हात धरला होता. तिनं ती त्याच्या हातावरच ठेवली. गरम होती, त्यानं हात काढला, भाकरी ताटात पडली.